यादीतली चार कार्डं

जूनमधल्या त्या रविवारी एमेट लिंडक्विस्ट चर्चच्या हॉलमध्ये धावत शिरला, तेव्हा तळ्यावरून आलेल्या सरीने तो नखशिखांत भिजला होता. पण शर्टाच्या आत, छातीशी धरलेली प्लॅस्टिकची डबी मात्र ठणठणीत कोरडी! ट्रुडी नोवाकला तो तेवढ्यावरच आवडून गेला. खोटं कशाला बोला?

एरी गावातल्या त्या हॉलात दर रविवारी जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंच्या छापील चित्रांचा, बाजार भरे आणि ट्रुडी तिच्या कॅझ काकांचं टेबल सांभाळी.

"हे विकायचंय," एमेट म्हणाला.

ट्रुडीने डबी दिव्याखाली धरली. पन्नासच्या दशकातलं कार्ड, ऑर्विल टेटलॉ नावाच्या राखीव कॅचरचं. तपासणी कंपनीने डबी सीलबंद करून वर चिठ्ठी लावली होती : ग्रेड आठ, दहापैकी.

"कुठे सापडलं?"

"आजोबांच्या औषधाच्या दुकानात. च्युइंगगमच्या न फोडलेल्या पाकिटात."

"तरीच! अहो, या टेटलॉला खेळाडू म्हणून कुत्रंही विचारत नव्हतं. पण हे कार्ड शेवटच्या खेपेतलं. ती खेप यायची सप्टेंबरात. तोवर पोरं शाळेत आणि डोक्यात फुटबॉल. दुकानदार मागवणार कशाला? त्यात हा बिचारा छापील कागदाच्या अगदी कडेला, त्यामुळे कापताना हमखास तिरका जायचा. मोठमोठ्या खेळाडूंची कार्डं मिळतील ढिगाने, पण सरळ कापलेला टेटलॉ…"

"म्हणजे मी श्रीमंत झालो!"

"थांबा, घाई नको. आठ ग्रेडची चार आहेत. कंपनीने तपासलेल्या कार्डांच्या यादीत तसं लिहिलंय."

"चार म्हणजे कमीच की."

"चार असली की गिऱ्हाईक म्हणतं, आज नाही तर उद्या दुसरं मिळेल. दोनच असती ना, तर पाय धरत आलं असतं."

एमेटचा चेहरा पडला. दूर मेन राज्यातल्या एका शाळेत त्याला लाकडी होड्या बांधायला शिकायचं होतं. प्रवेश ऑक्टोबरात, आणि फी भरायला हातात हे एवढंच कार्ड.

"पुढच्या रविवारी या," ट्रुडी म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगते."

तो आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. मग तो खोकी उचलू लागला, तिच्यासाठी खुर्ची पुसू लागला, आणि 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कार्ड कडेने कसं धरायचं हे शिकवताना तिची बोटं त्याच्या बोटांवर जरा जास्तच वेळ रेंगाळली…

"एवढं नीट शिकवतेस सगळ्या गिऱ्हाइकांना?"

"ढ असतात त्यांनाच."

"मग मी ढच राहतो."

पण ट्रुडीच्या पोटात एक गोष्ट होती. सहा वर्षांपूर्वी काकांकडेही एक टेटलॉ होता, ग्रेड आठ. नऊ मिळेल या हावेने तिनेच डबी फोडून तो पुन्हा तपासायला पाठवला. आठच! पुन्हा फोडला, पुन्हा आठ. मग काकांनी तो विकून टाकला. फोडलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या कंपनीला परत पाठवायच्या असतात, म्हणजे यादीतून तेवढे आकडे वजा होतात. त्या दोन चिठ्ठ्या तिच्या खणात तशाच पडून होत्या. यादीत एकच कार्ड तीनदा मोजलं गेलं होतं. चौथं एमेटचं. खरी कार्डं दोनच.

हे तिला पहिल्याच संध्याकाळी आठवलं होतं. एक पाकीट, एक तिकीट, की काम झालं. पण काम झालं की एमेट मेनला जाणार! पुढच्या आठवड्यात पाठवू, असं म्हणत तिने नऊ रविवार काढले.

"ट्रुडे," काका म्हणाले, "त्या चिठ्ठ्या काय अंडी घालणार आहेत?"

ऑगस्टअखेर, बटाटा भरलेल्या पिरोगी करंज्या खाता खाता, एमेटने कागदी रुमालावर एक होडी काढली. तिचा तळ कसा वळवायचा, लाकूड वाफेवर कसं धरायचं, हे सांगताना त्याला खाण्याचं भान राहिलं नाही. ट्रुडीला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चिठ्ठ्या टपालात टाकल्या आणि घरी येऊन पोटभर रडली.

दोन आठवड्यांनी यादीत चाराचे दोन झाले. त्याच रविवारी क्लीव्हलंडचे संग्राहक प्रुइट साहेब हजर! त्यांच्या संचात तेवढं एकच कार्ड कमी होतं. ट्रुडीने असा काही भाव ताणला की साहेबांनी दोनदा टोपी काढून कपाळ पुसलं. अखेर तिने सांगितली तेवढी रक्कम त्यांनी मोजली. वर्षभराची फी निघून वर हत्यारांपुरते पैसे उरत होते.

बाहेर पायरीवर तिने एमेटला सगळं सांगून टाकलं. त्याच्याकडे न बघता.

"नऊ रविवार माझ्यापासून लपवलंस?"

"हो. तू जाऊ नयेस म्हणून… आवडतोस तू मला. शिव्या घाल हवं तर."

त्याने पायरीवरचा एक खडा उचलून रस्त्यावर टाकला.

"प्रुइट साहेबांनी जुलैतच विचारलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "तू पिरोगी आणायला गेली होतीस तेव्हा. फीपुरते देत होते. मी नाही म्हटलं."

"वेडा आहेस का? का?"

"तेव्हा विकलं असतं, तर पुढच्या रविवारी काय सबब सांगून आलो असतो तुझ्याकडे?"

ट्रुडीला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने तिचा हात हातात घेतला. या वेळी शिकवण्याचं निमित्तही नव्हतं.

"नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे," तो म्हणाला.

"नऊ महिने थांबेन मी. दहावा लागला, तर पहिल्याच रविवारी मेनला येऊन तुला कानाला धरून घेऊन येईन."

"मग मी मुद्दाम उशीर करणार," एमेट म्हणाला.