शिंगराचे चित्र कोणाला दाखवावे

लोखंडी जिन्यावर चपला वाजल्या, तेव्हा मी यंत्राचे भिंग पुसत होतो. इंदरगंजातील आमच्या चित्रपटगृहात ऑपरेटरच्या खोलीपर्यंत चहावाल्याखेरीज कोणी चढत नसे, म्हणून मी मान न वळवताच म्हणालो, "चाय उधर रख दो, भैया."

"चहा नाही आणला," मागून आवाज आला. "मॅनेजरसाहेब म्हणाले, ऊपर घोडेवाले बसतात. ते… तुम्हीच का?"

मी वळलो. भाद्रपदातील एक भुरभुरती सर नुकतीच येऊन गेली होती. दारात उभ्या तरुणीच्या निळ्या काठाच्या पातळावर, खांद्यापाशी, थेंब अजून जिरले नव्हते. आणि एक थेंब भिवईवर असा थांबला होता, की पुढे जावे की न जावे, हे जणू त्याला ठरवता येत नव्हते. हातातील वही मात्र कोरडी होती. स्वतः भिजून तिने वही वाचवली होती. ती रीत माझ्या मनाला फार भावली — आणि भावली, हे मी तेव्हा सांगितले नाही.

"घोडेवाला मीच," मी म्हणालो. "सूर्याजी जगदाळे."

त्या नावामागे एवढीच हकीकत होती, की माझे आजोबा, माझे वडील आणि अखेरची तीन वर्षे मी, असे आम्ही संस्थानाच्या रिसाल्यात स्वार होतो. संस्थान विलीन झाले, रिसाला मोडला, घोडे गेले. सातवी उत्तीर्ण असल्यामुळे मला यंत्र चालवण्याचे काम मिळाले. पडद्यावर घोडा आला, की तो कसा शिकवलेला आहे, हे मी सर्वांना सांगत असे. त्यावरून ते नाव पडले होते.

"मी शामला," ती म्हणाली. "गोरखीकडच्या शाळेत शिकवते. आपल्या मराठी मंडळातर्फे दिवाळीनंतर तीन रविवार सकाळी घरच्या मंडळींसाठी चित्रं दाखवायची आहेत. मुलांच्या वयाप्रमाणे निवडायचं काम माझ्याकडे आलंय." तिने वही उघडली. सुबक अक्षरात तीन रकाने होते: सहाच्या आतले, सहा ते दहा, दहाच्या पुढचे. "मागच्या खेपेस जंगलाचं चित्र लावलं. वाघ आला आणि पुढच्या तीन रांगा रडत बाहेर! म्हणून यंदा घोडा. घोडा सर्वांना आवडतो, असं मंडळाने ठरवलंय."

"घोड्याला विचारलं होतं?"

भिवईवरचा थेंब घसरला. ती हसली होती.

याप्रमाणे आमचे गुरुवार सुरू झाले. गुरुवारी दुपारी खेळ नसे, आणि मालकांनी मंडळाला चित्रे आधी पाहण्याची मुभा दिली होती. शामलाबाईंसमवेत त्यांच्या आत्या, सुधाताई, येत असत. सुधाताईंना जिना चढवत नसे. त्या खाली मधल्या रांगेत बसत, पहिल्या रिळाला जाग्या असत आणि दुसऱ्याला घोरू लागत. शामलाबाई मात्र वर येत. यंत्राच्या खोलीला पडद्याच्या बाजूने दोन झरोके होते. एकातून मी पाही, दुसऱ्यातून त्या. मध्ये यंत्राची घरघर, आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात मिसळलेला मोगऱ्याचा एक गजरा…

पहिले चित्र रणांगणाचे होते. भर दौडीत एक पांढरा घोडा कोसळला.

"बिचारा पडला," त्या पुटपुटल्या.

"पडला नाही, बाई. पाडला आहे. पुढच्या पायांना तार बांधली होती."

"कशावरून?"

"कान पाहा. घोडा घसरू लागला, की त्याला आधी कळतं आणि कान मागे जातात. याचे शेवटपर्यंत पुढेच होते. त्याचा विश्वास होता…"

त्यांनी पेन्सिल उचलून विचारले, "दहाच्या पुढचे?"

"दहाच्या पुढचे. आणि आधी त्यांना सांगून, की तार होती."

त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले. माझे बोलणे कोणी लिहून घेत आहे, असे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

दुसऱ्या गुरुवारी शर्यतीचे चित्र पाहिले. त्यात कोणी पडत नाही, फक्त हरतो. आणि हरणे सहा वर्षांच्या मुलाला समजते, असे आमचे एकमत झाले.

"बाई, मग हे मधल्या रकान्यात लिहा."

"मला बाई म्हणू नका हो. दिवसभर चाळीस पोरं तेच ओरडत असतात."

"मग काय म्हणू?"

"अख्ख्या पागेची नावं तुम्हाला पाठ आहेत. माझं एक नाव जड जातंय?"

मी धीर एकवटला. "शा…" इतके म्हणालो, तोच रीळ संपले आणि पडदा पांढरा झाला. खालून सुधाताई जाग्या होऊन ओरडल्या, "अगं शामले, झालं का तुमचं? मला अजून सब्जी घ्यायची आहे! आणि त्या सूर्याजीला सांग, घोडे जरा धीरे पळव, माझी झोप मोडून राहिली आहे!"

शामलाबाई तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी नवे रीळ चढवू लागलो.

तिसरे चित्र शिंगराचे होते. सहाच्या आतल्यांसाठी त्या तेच योजून आल्या होत्या. एका खेडुताच्या मुलाने घोडीचे पोर वाढवलेले असते. बाप ते शिंगरू दूर गावी देऊन टाकतो. नवा धनी त्याला घेऊन निघतो, आणि टेकडीवरून मुलगा त्याला नावाने हाक मारतो. शिंगरू दोरी तोडून परत येते.

"हे धाकट्यांचं," शामलाबाई आनंदाने म्हणाल्या. "यात भिण्यासारखं काही नाही."

"हे नको," मी म्हणालो.

"का?"

"खोटं आहे म्हणून. पागेत रीत होती — घोडा दुसऱ्याच्या हाती देताना त्याचं नाव घ्यायचं नाही. लगाम द्यायचा, पाठ फिरवायची आणि गप्प चालू लागायचं. नाव घेतलं, की जनावर अडतं, फिरतं आणि मार खातं. त्याचं भलं हवं असेल, तर आपण तोंड मिटावं. रिसाला मोडला तेव्हा माझी घोडी मैना गेली. मी दातांत रुमाल धरला होता."

"आणि तिने वळून पाहिलं?"

"माहीत नाही. माझी पाठ होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. यंत्राच्या फटीतून येणारा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. "म्हणजे, तिला काय हवं होतं, ते तुम्हाला माहीतच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सूर्याजीराव, मुलांना हाक मारता यायला हवी. परत येणं, न येणं, ते शिंगराकडे. पण हाक तर…"

वाक्य अर्धेच राहिले. त्या दिवशी धाकट्यांचा रकाना आम्ही कोरा ठेवला.

पुढचे गुरुवार खरे पाहता अनावश्यक होते. पाहण्यासारखे चित्र उरले नव्हते. तरीही त्या येत राहिल्या. कधी म्हणत, मधल्या रकान्याविषयी शंका आहे. कधी म्हणत, तार पुन्हा पाहायची आहे. मला सारे उमगत होते. उमगूनही मी घोड्यांच्या कानांविषयी बोलत राहिलो…

आश्विन संपता संपता ते घडले, ज्याची चर्चा शहरात उन्हाळ्यापासून चालू होती. राज्याची नवी रचना झाली. राजधानी भोपाळ ठरली आणि मोतीमहालातील कचेऱ्यांची कपाटे मालमोटारींवर चढू लागली. शामलाबाईंचे वडील लक्ष्मीकांत, ज्यांना सारे नाना म्हणत, तेथे हेडक्लार्क होते. त्यांना हुकूम आला.

दिवाळी चार दिवसांवर आली असता, मधल्या सुट्टीत, शामलाबाईंनी मला शाळेच्या फाटकाशी बोलावून घेतले. आत मुलींचा गलका चालला होता. शामलाबाईंच्या बोटांना खडू लागला होता आणि तो त्या पुन्हा पुन्हा पदराला पुसत होत्या.

"नाना परवा निघतात. सगळे जाणार," त्या म्हणाल्या. "पण मोठ्या बाई म्हणतात, मला राहायचं असेल तर नोकरी आहे. आत्याकडे राहता येईल. फक्त नाना विचारतात, एकटी कशासाठी राहतेस…" त्या थांबल्या. मग सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी त्यांना काय सांगू, सूर्याजीराव? तुम्ही बोलाल त्यांच्याशी?"

याहून स्पष्ट कोणती स्त्री बोलू शकेल?

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे घर आले — संध्येची पळी, पुस्तकांची मांडणी, नानांचा चष्मा. आम्ही मराठे, ते ब्राह्मण. त्या मॅट्रिक, मी सातवी. भोपाळला नवी वस्ती, मोठ्या शाळा, भले स्थळ. आणि हे सर्व बाजूला सारून माझ्या छातीत तीन पिढ्यांची रीत उभी राहिली: भले हवे असेल, तर तोंड मीट.

"भोपाळला तुमचं चांगलं होईल," मी म्हणालो. "तिथे मोठ्या शाळा निघतील."

त्यांचा हात पदरावरच थांबला.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी वही माझ्या हाती दिली. "धाकट्यांचं तुम्हीच ठरवा मग."

मी नमस्कार केला, पाठ फिरवली आणि गोरखीच्या रस्त्याला लागलो. एकदाही वळलो नाही. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता; हे लिहिताना आज मान खाली जाते.

दिवाळीनंतरचे दोन रविवार पार पडले. थोरल्यांना तारेची गोष्ट आधी सांगितली. मधले शर्यतीला टाळ्या वाजवून गेले. तिसऱ्या रविवारसाठी दुसरे चित्र मिळेना, म्हणून नाइलाजाने मी शिंगराचेच लावले. खाली दोनशे चिमुरडी, आयांच्या मांडीवर, आज्यांच्या कुशीत. पडदा मला पाठ होता. मी शामलाबाईंच्या झरोक्यातून मुलांकडे पाहत राहिलो.

टेकडीचा प्रसंग आला. पडद्यावरील मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच पहिल्या रांगेतून एक किंचाळी उठली, मग दुसरी, मग सारे चित्रपटगृह त्या शिंगराचे नाव घेऊन ओरडू लागले. कोणी बाकावर चढले होते. हाक मारावी की मारू नये, असा विचार सहाच्या आतल्या एकाच्याही मनात आला नाही. आणि एकही मूल रडले नाही.

रडण्याचे वय माझेच निघाले.

खेळ सुटताच मी खाली धावलो. सुधाताई नातवाला घेऊन आल्या होत्या, आणि नवल म्हणजे जाग्या होत्या. मी भर गर्दीत त्यांना सारे सांगून टाकले — जे त्यांच्या भाचीला सांगायचे होते, ते.

"हे तू मला सांगतोयस?" त्या म्हणाल्या. "अरे, राजीनाम्याचा कागद लिहून दोन दिवस जवळ बाळगून होती पोर. शाळेत दिला नाही. तू येशील म्हणून. शेवटी मीच म्हटलं, दे बाई."

"नाना 'हो' म्हणाले असते?"

"छे! बिल्कुल नाही. पण मी भांडले असते ना. नानाशी भांडायला मला फार आवडतं, लहानपणापासून. पण भांडायचं कुणासाठी? समोर माणूस तर पाहिजे! तू तर शहाण्यासारखी पाठ फिरवलीस."

"मी आज रात्रीच्या गाडीने भोपाळला जातो."

सुधाताईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "परवा पत्र आलंय, सूर्याजी. नागपूरच्या कचेरीतून तिकडे आलेला मुलगा आहे. मार्गशीर्षात लग्न. नानाने घाई केली… आणि तिने नाही म्हटलं नाही."

मी गेलो नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, चित्रपटगृहाच्या पत्त्यावर, भोपाळहून एक आंतरदेशीय पत्र आले. तेच सुबक अक्षर. 'आमच्याकडे एक नवे घोड्याचे चित्र लागले आहे. मुलगी गेल्या महिन्यात सहा वर्षांची झाली, मुलगा चार. हे म्हणतात, दोघांनाही ने. तुमच्याकडे ते लागून गेले असल्यास आपले मत कळवावे.' बाकी क्षेमकुशल.

ते चित्र त्याच आठवड्यात आमच्याकडे चालू होते. मी ते रोज तीनदा दाखवत होतो. पण त्या दिवसापासून नीट पाहिले. मग दोन पाने पत्र लिहिले: मुलीला अवश्य न्यावे; मध्यंतरापूर्वी तबेल्याला आग लागते, तेव्हा धाकट्याला घेऊन कडेच्या खुर्चीवर बसावे; आगीत घोडा ओरडतो, परंतु त्याचे कान पाहावे, तो भ्यालेला नाही, त्याला तसे शिकवले आहे, हे मुलाला कानात सांगावे.

पान संपत आले होते. तळाशी बोटभर जागा उरली होती. तेथे मी लिहिले: 'शाळेच्या फाटकाशी मला तुम्हाला "जाऊ नका" असे म्हणायचे होते.' आणि विचार बदलण्यापूर्वी इंदरगंजच्या पेटीत टाकून आलो.

महिन्याने उत्तर आले.

'दोघांनाही नेले. आगीच्या वेळी धाकट्याला कानांचे सांगितले, तो भ्याला नाही. मुलीने घरी येऊन घोड्याचे चित्र काढले आहे. तुमची शेवटची ओळ वाचली. फार उशिरा लिहिलीत. पण लिहिलीत, हे बरे केलेत. इतकी वर्षे मी समजत होते, की फाटकाशी मी एकटीच उभी होते.'