फिरतंय, पण पेटत नाही

एखादी वस्तू गरगर फिरते, आवाज करते, थरथरते आणि तरीही बंदच असते. असं कसं होईल? खैरसड्यावरच्या इराला हे कोडं पडलं ते दसऱ्याच्या दुपारी, आणि सोडवायला तिच्याकडे वेळ अजिबात नव्हता.

आधी खैरसड्याचं सांगतो. कोकणात डोंगरमाथ्यावर कातळाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. या सड्यावर तेव्हा सगळं नवं होतं. रस्त्याच्या पोटात तारा पुरलेल्या. गाडी वरून चालली की तिला खालून वीज मिळायची. वासरू गाईला लुचतं तशा गाड्या रस्त्याला लुचत लुचत चालायच्या. त्यामुळे गाडीत मोठी बॅटरी ठेवायचं लोक विसरूनच गेले होते.

आणि मग खंडेनवमीच्या संध्याकाळी सूर्याला शिंक आली. शहाणी माणसं तिला सौरवादळ (सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट) म्हणतात. त्या शिंकेने सड्यावरच्या कोंबड्या उभ्याने झोपल्या आणि एका नारळातून निळं पाणी निघालं, असं भिकाजी गुरव शपथेवर सांगतो. नारळाचं सोडा, पण वीज गेली हे खरं. रस्ते मेले, गाड्या मेल्या, फोन मेले. इराचे आईबाबा आणि निम्मं गाव खाली जत्रेला गेलेलं, ते तिकडेच अडकलं.

घरी उरले इरा, तिचे आजोबा आणि चिमटा.

आजोबांना सगळे तात्या म्हणत. ते निवृत्त शास्त्रज्ञ. चिमटा हा त्यांनी जुन्या वॉशिंग मशीनच्या पत्र्यातून घडवलेला यंत्रमानव. त्याचा उजवा तळवा म्हणजे तवा. भाकरी थापायची, तळव्यावर टाकायची, झालं. वीज गेल्यापासून त्याच्या पोटात थोडाच चार्ज उरला होता, म्हणून तो कोपऱ्यात उभा राहून कमी बोलायचा प्रयत्न करत होता.

दुपारी तात्यांनी सोनं वाटायला आपट्याच्या डहाळ्यांच्या भाऱ्यात हात घातला, आणि कळवळून मागे घेतला. पानांतून एक तांबडा विंचू तुरुतुरु निघून गेला.

"लाल विंचू," तात्या शांतपणे म्हणाले. फारच शांतपणे. "इरा, घाबरायचं नाही. मला चालायलाही लावायचं नाही. हे विष हृदयाला त्रास देतं. खाली आरोग्यकेंद्रात याचं औषध आहे, तिथवर पोचायला हवं."

थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. हात मात्र बर्फासारखे गार. इरा धावत देवळात गेली, कारण गावात रस्त्याला न लुचणारी एकच गाडी होती: देवीची जीप. पेट्रोलवर चालणारी, इराच्या बाबांपेक्षाही वयाने मोठी. वर्षातून एकदा दसऱ्याला देवीला सीमोल्लंघनाला नेण्यासाठी गुरवांनी जपून ठेवलेली. कालच इराने ती धुऊन लख्ख केली होती आणि झेंडूची माळ घातली होती.

भिकाजी गुरवांनी जीप ढकलत अंगणात आणली. तात्यांना मागच्या बाकावर निजवलं. भिकाजीकाकांनी देवीचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

खुर्रर्र, खुर्रर्र, खुर्रर्र.

"चालू झाली!" इरा ओरडली.

"कसली चालू, गो बाय! किल्ली सोडली की गप." त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. खुर्रर्र, खुर्रर्र. पुन्हा गप.

"पण फिरतंय ना काका? मोटर फिरली म्हणजे गाडी चालू."

"तुमच्या गाडीत," मागून तात्यांचा आवाज आला. ते डोळे मिटून बोलत होते. "विजेच्या गाडीत मोटर फिरली की चाकं फिरतात. इथे फिरतोय तो नुसता स्टार्टर, म्हणजे इंजिनाला झोपेतून हलवणारी छोटी मोटर. हलवणं त्याचं काम. उठायचं इंजिनाने स्वतः."

"मग ते उठत का नाही?"

"चुलीला काय लागतं?"

"तात्या, आत्ता चूल कुठे..."

"सांग ना, बये."

"लाकूड. फुंकणी. काडी."

"इंजिनाच्या पोटात तेच. लाकडाऐवजी पेट्रोल, फुंकणीऐवजी हवा, काडीऐवजी विजेची ठिणगी. स्टार्टर छान फिरतोय, म्हणजे त्याची बॅटरी धड आहे. या तिघांतलं एक कुणीतरी गैरहजर आहे. एका वेळी एकच तपास. सगळ्यांना एकदम हात लावलास तर कोण..." ते थांबले, कुशीवर वळले आणि ओकले.

भिकाजीकाका दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. "लिंबू बदलून बघू का?" ते म्हणाले.

"आधी पेट्रोल," इरा मोठ्याने म्हणाली. मोठ्याने बोललं की रडू मागे राहतं. "काका, किल्ली फिरवा." ती सायलेन्सरपाशी जाऊन वास घेऊ लागली. खुर्रर्र झालं आणि नाकाला झोंबणारा वास आला. "पेट्रोल येतंय! न जळता बाहेर पडतंय."

"आता हवा," तात्या पुटपुटले.

बॉनेट उघडल्यावर चिमटा पुढे झाला आणि त्याने बोट दाखवलं. हवा आत जाण्याच्या नळीच्या तोंडाशी झेंडूच्या पाकळ्यांचा बोळा बसलेला! इराने तो ओढून काढला. हीच होती तर चूक! तिने माळसुद्धा तोडून टाकली.

"काका, मारा!"

खुर्रर्र, खुर्रर्र, खुर्रर्र. गप.

इराला वाटलं, आपण उंच झोक्यावरून उतरताना पाय टेकायला जमीनच नाही. आणि आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. या वेळची खुर्रर्र आधीपेक्षा दमलेली होती.

"प्रत्येक वेळी बॅटरी थोडी थोडी खर्च होत आहे," चिमटा म्हणाला. "माझ्यासारखी."

"तू बोलू नकोस, चार्ज वाचव!" म्हणत इरा मागच्या बाकाकडे वळली.

"तात्या, ठिणगी कशी बघायची? तात्या?"

तात्यांनी डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. "अवजारांच्या खोक्यात जादा प्लग आहे. प्लग म्हणजे ठिणगी पाडणारा खिळा. इंजिनावरच्या एका प्लगची वायर काढ, ती या जादा प्लगला जोड, आणि प्लग इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेव. पेट्रोलपासून लांब. मग दूर हो. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, हात लावायचा नाही." (तुम्हीही लावायचा नाही, बाळांनो. मोठं माणूस शेजारी नसेल तर बॉनेटच उघडू नका.)

इराने तसं केलं, दूर झाली. खुर्र, खुर्र.

प्लगच्या टोकाशी अंधार. ठिणगी नाही.

"काडीच गैरहजर आहे!" ती ओरडली. "तात्या, ठिणगी नाही! आता काय करू?"

तात्या काहीतरी म्हणाले. इराने कान त्यांच्या तोंडाशी नेला. "जिथून निघते... तिथून..." एवढंच ऐकू आलं. मग नुसता धापा टाकणारा श्वास.

भिकाजीकाकांचे डोळे भरून आले. "मी पळत खाली जातो, डॉक्टरला घेऊन येतो."

"पळत जाऊन यायला अंधार पडेल, काका. तुम्ही किल्लीपाशी थांबा." इराचं डोकं फिरू लागलं होतं, आणि तिचं डोकं नुसतं फिरत नसे, पेटतही असे. जिथून निघते तिथून. गेल्या उन्हाळ्यात पाण्याची पाईपलाईन बंद पडली होती, तेव्हा तात्यांनी काय केलं होतं? घरचा नळ खोलत बसले नाहीत. थेट टाकीपाशी गेले. टाकीत पाणी होतं, नळाला नव्हतं. म्हणजे गळती मधे कुठेतरी.

ठिणगीची टाकी कुठली? तिने प्लगच्या वायरीवर नजर ठेवून माग काढला. चार प्लगच्या चार वायरी एका काळ्या टोपीत जात होत्या. टोपीच्या मधोमध पाचवी वायर, ती निघत होती एका उभ्या डब्यातून.

"चिमट्या, हा डबा काय?"

"कॉइल (बॅटरीची लहान वीज जबरदस्त मोठी करणारं गुंडाळं). आणि काळी टोपी म्हणजे डिस्ट्रिब्युटर (मोठी वीज चार प्लगना पाळीपाळीने वाढणारा वाढपी)."

म्हणजे कॉइल ही टाकी! इराने गरब्याच्या कोरड्या लाकडी टिपऱ्या आणल्या, रबरी चपला घातल्या, आणि पाचव्या वायरीचं टोपीतलं टोक काढून टिपऱ्यांच्या चिमटीत धरलं, लोखंडापासून केसभर अंतरावर.

"काका, एकदाच!"

खुर्... खुर्... आणि टच्च! निळीशार ठिणगी उडाली.

"टाकीत पाणी आहे! नळाला नाही. म्हणजे वाढपीच वाढत नाहीये!"

टोपीच्या बाजूचे दोन खटके दाबून तिने ती उचलली. आत बघितलं. टोपीच्या आत पाण्याचे थेंब चिकटले होते.

काल. पाईप. तिने नेहमीच्या गाड्या धुतात तशी, बॉनेट उघडून, पाण्याचा जोरकस फवारा मारून जीप धुतली होती. विजेच्या गाडीचं सगळं अंतरंग सीलबंद असतं, तिला पाण्याचं काय! दर वर्षी तात्या ओल्या फडक्याने जीप पुसायचे. या वर्षी गुडघा धरला म्हणून त्यांनी इराला सांगितलं होतं, "पूस." आणि इराने धुतली होती. आता टोपीतली वीज प्लगकडे जायच्या ऐवजी ओल्या वाटेने भलतीकडेच पळत होती.

रडायला खूप जागा होती. इराने ती नंतरसाठी ठेवली.

"चिमट्या, तळवा तापव! पण इथे नाही, पेट्रोलचा वास आहे. विहिरीपलीकडे चल."

टोपी न्यायची तर चारही वायरी काढायला हव्यात, आणि परत लावताना एक जरी चुकली तरी वाढपी भलत्या पानात वाढणार. पूजेच्या तबकात कुंकू होतं. इराने पहिल्या वायरीला आणि तिच्या भोकाला एक टिकली लावली, दुसऱ्या जोडीला दोन, मग तीन, मग चार. मधल्या वायरीची जागाच वेगळी, तिला टिकली कशाला?

तिने टोपी फडक्याने पुसली. चिमट्याने तळव्याजवळ धरली.

"भाकरीइतकं तापवू?"

"नको, वितळेल! पापड सादळला तर जेवढी ऊब देतोस, तेवढीच."

टोपीतून वाफेची बारीक रेघ निघाली. चिमट्याच्या डोळ्यातला दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. इराने एकदा जीपकडे पाहिलं. भिकाजीकाका तात्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होते आणि काहीतरी पुटपुटत होते.

"टोपी कोरडी झाली आहे," चिमटा म्हणाला. "आता वरून थोडं तू..."

आणि त्याचा दिवा विझला. इराने त्याच्या गार पत्र्यावर एकदा हात ठेवला आणि टोपी घेऊन धावली.

एक टिकली, दोन टिकल्या, तीन, चार. मधली वायर. खटके. जादा प्लग काढून त्याची वायर मूळ जागी.

"काका, थांबा. मघापासून आत पेट्रोल साचलंय. चुलीत लाकडं जास्त कोंबली की धुमसते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा, म्हणजे हवा भरपूर जाईल."

"गो बाय, बॅटरीत आता एवढीच धुगधुगी आहे."

"माहीत आहे."

किल्ली फिरली. खुर्... खु...र्... आता थांबणार, असं वाटलं. खु...

भडाम!

सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट निघाला, अंगणातल्या कावळ्यांची शाळा सुटली, आणि जीप धडधडू लागली. भिकाजी म्हणतो, त्या आवाजाने देवळातली घंटा आपोआप वाजली. या वेळी मी त्याला अडवणार नाही.

घाट उतरताना इरा मागे तात्यांचा गार हात हातात घेऊन बसली होती. आरोग्यकेंद्रात कंदिलाच्या उजेडात डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीतून औषध काढलं. इरा बाहेर पायरीवर बसली आणि मगाशी शिल्लक ठेवलेलं सगळं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा हात ऊबदार होता.

"मीच पाणी मारलं होतं, तात्या," ती म्हणाली.

"आणि तूच शोधलंस. मी पुसायला सांगितलं, का ते नाही सांगितलं. कारण न सांगता दिलेली सूचना अर्धीच असते." त्यांनी खिशातून आपट्याचं चुरगळलेलं पान काढून तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे. याच्यात विंचू नाही, बघून घेतलंय."

बाहेर वीजमंडळाची माणसं खांबामागून खांब चढून बिघाड शोधत होती. इरा त्यांच्यापाशी गेली. "काका, वीज शेवटची कुठपर्यंत आहे ते बघा आणि पहिल्यांदा कुठे नाही ते बघा. मधेच सापडेल." त्यातली एक ताई हसली, आणि मग हसायची थांबून मधल्या उपकेंद्राकडे निघाली.

संध्याकाळी रस्ते पुन्हा जिवंत झाले आणि जत्रेला अडकलेली माणसंही घरी निघाली. पुढे खैरसड्याच्या लोकांनी ठरवलं, की प्रत्येक गाडीत थोडी स्वतःची शिदोरी, म्हणजे बॅटरी, असायलाच हवी. तिची योजना आखायला इरा आणि तात्या रोज बसू लागले.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर इराने आधी चिमट्याची वायर जोडली. डोळ्यात लाल दिवा लागला, मग पिवळा, मग हिरवा. चिमट्याने रिकाम्या तळव्याकडे पाहिलं आणि कालचं वाक्य पुरं केलं:

"...प लावू का?"