आतून मारलेले टाके

मी गाड्यांचा गंज काढतो. इंजिनाला हात लावत नाही, ते काम आमच्या मिस्त्रीचं. माझ्याकडे येतात त्या गाड्या खालून सडलेल्या असतात आणि मालक मात्र वरचा रंग बघून खूश असतो.

ताईही तशीच. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, बाळंतपणं करणारी नर्स. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये तिची सगळी नोकरी झाली, आणि त्यातली सव्वीस वर्षं एकाच फिकट निळ्या गाडीतून. गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "डावं दार लागत नाही रे धड. जरा बिजागरी बघ."

बिजागरी ठीक होती. दार ज्या चौकटीत बसतं ती चौकटच खचली होती.

दारांच्या खाली, गाडीच्या लांबीभर, पत्र्याची एक बंद, पोकळ पेटी असते. जुन्या गाडीचा अर्धा भार तिच्यावर. गाडी शेडमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन मी खाली उतरलो आणि हातोडीने डावी पेटी वाजवत गेलो. चांगला पत्रा खणखणतो. इथे पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचे पोपडे माझ्या तोंडावर पडले.

"बिजागरी कसली, कंबर मोडलीय हिची," मी खालूनच ओरडलो.

"माझीही मोडलीय. मी हिंडते आहेच ना?"

"ताई, थट्टा नाही. एखाद्या उतारावर मधोमध दुमडेल ही. तू आत असशील."

तिने किल्ली खड्ड्याच्या काठावर ठेवली. गाडी ठेवून गेली.

संध्याकाळपर्यंत मी सडका भाग ग्राइंडरने कापून काढला. चांगला दीड हात लांबीचा निघाला. त्या जागी आता काहीच नव्हतं, आरपार दिसत होतं. गाडी खाली बसू नये म्हणून मी तिथे लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला. जोडायला जाड पत्रा हवा होता, तो सकाळी मापाने कापून आणायचा होता. ताईला फोन केला. "माझं काम झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पत्रा कापणाऱ्याकडे गर्दी होती. परतायला दुपार झाली. आमची शेड तीन बाजूंनी बंद, पुढून उघडी. पत्रा खांद्यावर घेऊन आत आलो तर खड्डा रिकामा.

"ताई सकाळीच गाडी घेऊन गेल्या," मिस्त्री डबा उघडता उघडता म्हणाला. "खाणीच्या वरच्या वस्तीत कुणीतरी बाई अडलीय म्हणे. मी आलो तेव्हा त्या निघतच होत्या. मला हात केला."

दुसरी किल्ली तिच्याकडेच असायची. ती काढून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कापलेला तुकडा मी ठेवला होता तिथेच पडला होता. लाकडी ठोकळा मात्र भिंतीशी नीट उभा करून ठेवलेला होता. तेवढ्या घाईतही तो माझ्या नजरेत भरला. खड्ड्यात उतरून तो काढायचा तर पाठीचं दुखणं असलेल्या ताईला जमण्यासारखं नव्हतं.

फोन लावला. लागेना. मोटरसायकल काढली आणि सुटलो.

खाणीकडे जाणारा रस्ता चढाचा, एका अंगाला दरी. खाणीच्या ट्रकनी त्याची पार चाळण केली आहे. प्रत्येक वळणावर मी वेग कमी करून खाली डोकावत होतो. फिकट निळं काही दिसतंय का बघत होतो आणि दिसू नये म्हणून जीव मुठीत धरला होता. एकदा एक निळं पिंप दिसलं. थांबून, नीट पाहून मगच पुढे निघालो.

गाडी वस्तीतल्या शेवटच्या घरासमोर उभी होती. सरळ. चारही दारं बंद.

मी मोटरसायकल लावली का नुसती टाकली, आठवत नाही. तेवढ्यात ताई घरातून बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत वर, केस विस्कटलेले, चेहरा थकलेला आणि उजळलेला.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "पायाळू होती. अजून अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी एक हाती लागली नसती. तू कशाला आलास?"

मी तिथेच मातीत बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आतून बाळाचा टाहो ऐकू येत होता. इतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मग मी आडवा झालो आणि गाडीखाली सरकलो.

पेटी बंद होती. दीड हाताची मोकळी जागा भरलेली होती. हातोडी नव्हती म्हणून दगडाने वाजवून पाहिली. खणखणीत.

बाहेरून वेल्डिंगची एकही रेघ नव्हती. रंग कुठे करपला नव्हता. पेटीला खालून, पाणी निथळायला, बोटभर भोकं असतात. त्यातल्या एकात मी करंगळी घातली.

वेल्डिंगचे टाके आत होते.

एकाला एक लागून, सारख्या अंतराने मारलेले. बंद पेटीला आतून टाके मारायचे तर मारणारा आत हवा. त्या पेटीत माझी मूठ मावत नाही.

पत्रा अजून कोमट होता.

मी बाहेर आलो. ताई पायरीवर बसून हात पुसत होती.

"ताई, तुला गाडीला हात लावू नको म्हटलं होतं."

"काम झाल्याशिवाय, असं म्हटलं होतंस. झालं की नाही ते विचारलं ना मी तुला."

"मला?"

"नाहीतर कुणाला? सकाळी आले तेव्हा दाराखालच्या त्या भोकांमधून निळा उजेड येत होता. मी म्हटलं, 'धाकट्या, झालं का रे?' तू आतून दोनदा ठोकलंस. उजेड विझला." तिने फडकं झटकलं. "तू वर येशील म्हणून थांबले. आला नाहीस. वाकून पाहिलं तर खड्ड्यात कुणीच नाही. म्हटलं, गेला असेल चहाला."

तिच्या डोळ्यांवर झोप होती. दोघी जिवंत होत्या, तीही जिवंत होती.

"हो," मी म्हणालो. "चहालाच गेलो होतो."

"काम मात्र छान केलंस. दार एका बोटाने लागतं." ती उठली, गाडीपाशी गेली आणि घरच्या माणसाला थोपटावं तसं टपावर थोपटलं. "फक्त ते ठोकणं तेवढं बघ. येताना सारखं खालून दोनदा ठकठक व्हायचं."

"खड्ड्यात आदळल्यावर?"

"नाही ना," ताई म्हणाली. "खड्डा यायच्या आधी."