गुलाबी पाणी

यज्ञेश्वर मला फसवेल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. रायपूरच्या रेल्वे डिझेल शेडमध्ये आम्ही दोघं फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत एका डब्यात जेवलो. त्याची बायको सरला मला दर भाऊबीजेला ओवाळायची. तिच्या हातचं भरीत डब्यात असलं, की माझा डबा तसाच घरी परत जायचा आणि माझ्या बायकोची, मायाची, बोलणी खायचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी सरला लू लागून, म्हणजे उष्माघातानं, गेली. घरीच गेली, झोपेत, असं यज्ञेश्वरनं सगळ्यांना सांगितलं होतं.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, भरत्या निघाल्या. माझ्या मुलीला, चेतनाला, वनखात्यात नोकरी लागली, थेट गरियाबंदच्या जंगलात. तिथले रस्ते नावालाच रस्ते, चारही चाकं ओढणारी गाडी हवी. यज्ञेश्वरच्या अंगणात जुनी जीप ताडपत्रीखाली उभी होती.

"पोट्टी आपलीच आहे," तो म्हणाला. "तुले नाही तर कोणाले देऊ? इंजिन एकदम टकाटक."

पहिल्याच दिवशी, भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बोनेट उघडलं तर रेडिएटर कोरडा ठणठणीत. सकाळीच मी तो काठोकाठ भरला होता.

आता इंजिन तापण्याची कारणं मोजकीच असतात आणि माझं आयुष्य त्यांच्यातच गेलं. झाकण बदललं. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघितलं, पाण्याचा पंप खोलला. हेड गॅस्केट गेलं असतं तर पाणी मिसळून तेल दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. ते होतं काळंभोर आणि निरोगी. भनपुरीच्या मिस्त्रीनं रेडिएटरमध्ये हवा भरून तो हौदात बुडवला. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"भैया, पानी कहीं नहीं जा रहा," तो म्हणाला.

"जात नाही, तर मग आहे कुठं?" मी खेकसलो. त्या बिचाऱ्यावर खेकसून काय उपयोग होता?

चेतनाला सोमवारी निघायचं होतं, एकटीला. जंगलात ही गाडी बंद पडली तर मैलोन् मैल माणूस नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

जीप न चालवता अंगणात उभी ठेवली, खाली पुठ्ठे अंथरले. सकाळी पुठ्ठे कोरडे आणि रेडिएटर अर्धा. थंड इंजिन पाणी पीत नाही.

"ते गाडी वापस करा जी," माया म्हणाली. "तिच्याजवळ गेलं का माह्यावाला घसा सुकते."

"गळती असते माया, भुतं नसतात," मी म्हणालो. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, आणि तसा तो नसावाच.

शेडमध्ये इंजिनांच्या पाण्यात एक रसायन घालत, गंज धरू नये म्हणून. ते जहाल. तहानेच्या भरात कुणी तोंडाला लावू नये, म्हणून त्या पाण्याला गुलाबी रंग दिलेला असायचा. त्याच रंगानं बारीकशी गळतीही लपत नाही. माझ्याकडे त्याचा जुना डबा पडून होता. ते रेडिएटरमध्ये घातलं आणि दोघींना बजावलं, याला हात लावायचा नाही.

सकाळी पाणी पुन्हा उतरलेलं. पुठ्ठ्यांवर गुलाबी ठिपका नाही, नळ्यांच्या सांध्यांवर नाही. कधीकधी हीटरची नळी फुटून पाणी गाडीच्या आत येतं, म्हणून आतही चाचपलं. मागच्या सीटखाली हाताला काहीतरी थंड लागलं.

स्टीलचा पेला. आत कोरडा, पण काठावर एके ठिकाणी गुलाबी डाग, ओठ टेकतात तेवढाच. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली: सौ. सरलाला, देवीदासदादाकडून.

भाऊबीजेला दिलेल्या पेल्यांपैकी होता तो. तात्यापाऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात उभं राहून मीच नाव घालून घेतलं होतं.

सवयीनं रेडिएटर पुन्हा भरला, त्याच गुलाबी पाण्यानं, पेला मिटलेल्या बोनेटवर ठेवला आणि स्कूटर काढून बूढापाऱ्याला गेलो.

यज्ञेश्वर ओट्यावर बसला होता. मी पेल्याचं नाव काढलं तसं त्यानं आत बघितलं, मग जमिनीकडे.

"सरला घरी नाही गेली ना?"

"नाही. धमतरीहून येऊन राहिलो होतो. तिले लू लागली. अन् वाटेत गाडी तापली. पाण्याचा कॅन एकच होता."

"मग?"

"गाडी चालली तर दवाखान्यात पोचू म्हटलं. सारं पाणी रेडिएटरात ओतलं. सरला मागच्या सीटवर पेला धरून होती. पाणी मागून राहिली होती."

"गाडी चालली?"

"हव. चालली."

सरला गेली तेव्हा मी याच्या खांद्यावर हात ठेवून रडलो होतो. आणि यानं मला तेव्हाही खोटं सांगितलं, आणि आताही.

"माह्या पोरीले काहून देल्ली रे ते गाडी?"

"दोन वर्सं रोज पेला भरून ठेवला. पुरत नाही तिले." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुह्यावर लय जीव होता तिचा. म्हटलं, दादाच्या घरी तिले पाणी भेटन."

दादाच्या घरी.

मी तिला काय पाणी ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

स्कूटर कशी चालवली आठवत नाही. अंगणात माया उभी होती.

"तुमी पाणी भरलं म्हणून चेतना समजली का गाडी दुरुस्त झाली. नव्या राजधानीच्या रस्त्यानं चक्कर मारून आली आत्ताच. काटा हललाच नाही म्हणे."

मी बोनेटवर हात ठेवला. गार होतं. पेला तिथं नव्हता.

झाकण उघडलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. पाणी स्वच्छ, नितळ, मटक्यातल्यासारखं. गुलाबी रंगाचा मागमूस नाही.

स्वयंपाकघरात चेतना मटक्याशी पाठमोरी उभी होती. ती पीत होती. सरलाचा पेला रिकामा झाला की मटक्यात बुडवत होती.

"चेतना," मी म्हणालो.

"बाबा, गाडी एकदम मस्त चली," ती न वळता म्हणाली. "बस प्यास बहुत लग रही है."

तिनं मटकं तिरकं केलं, तळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि वळली. तिचे ओठ गुलाबी होते.