टाकीतून आलेलं उत्तर

आधीच सांगते, मला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेतले निबंधसुद्धा ताईच लिहून द्यायची. हे जे सांगतेय ते त्याच ताईच्या, माझ्या सख्ख्या आतेबहिणीच्या बाबतीत घडलंय. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. शनिवारची दुपार होती. तीन वाजून दहा मिनिटांची फेरी.

भाऊजींना कंपनीने अकरा महिन्यांसाठी परदेशी पाठवलं होतं. औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरणारी यंत्रं बसवायची, चालू करून द्यायची आणि परत यायचं. ताई इथे दवाखान्यात लोकांचे कान तपासते. कोणाला किती ऐकू येतं, कोणाला मशीन लावावं लागेल, हे तिचं काम. दिवसभर ऐकायला कमी येणाऱ्यांशी बोलून तिचा आवाज असा खणखणीत झालाय की घरात कुजबुजली तरी शेजारी हो म्हणतात. तिने बिनपगारी रजा टाकली आणि नवऱ्याबरोबर गेली.

लग्नाला नऊ वर्षं झालेली, पण दोघं मिळून कुठे फिरलीच नव्हती. त्याची भरपाई तिथे चालली होती. फ्रिजवर यादी लावलेली. शनिवार आला की एक ठिकाण बघायचं आणि त्यावर फुली मारायची. किल्ला, तलाव, घड्याळांचं संग्रहालय, नदीवरचा पूल. भाऊजी म्हणायचे, पायांचे तुकडे पडले तरी चालतील, पण यादी पुरी झाली पाहिजे.

आठव्या महिन्यात यादीत ती टाकी आली.

शहराला पाणी पुरवणारी जुनी टाकी. जमिनीखाली. पाणी कधीच बंद झालेलं, आता लोकांना नुसती बघायला उघडी ठेवलेली. बहात्तर पायऱ्या उतरायच्या. खाली खांबच खांब, तळाला घोटाभर पाणी, आणि मधोमध लोखंडी जाळीचा एक कट्टा.

दर फेरीला लोकांना टाकी दाखवायला एक म्हातारे गृहस्थ होते. पाणीखात्यातून निवृत्त झालेले. हातात हा एवढा मोठा टॉर्च. भाऊजींनी लगेच नाव ठेवलं, टॉर्चकाका.

तिथली गंमत म्हणजे आवाज. एक शब्द बोललात की तो सतरा सेकंद फिरत राहतो. म्हणून काकांचा नियम होता. एकेकाने कट्ट्यावर जायचं. एकच वाक्य बोलायचं. आवाज पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं.

कोणी शीळ घातली, कोणी स्वतःचं नाव घेतलं.

ताईचा नंबर आला. ती हसत कट्ट्यावर चढली आणि आपल्या मराठीत म्हणाली, "कोणी आहे का?"

आवाज फिरला. खांबांमधून लांब गेला, परत आला, बारीक होत होत विरला.

शांतता.

आणि मग...

"आहे."

बाईचा आवाज. मराठीत.

ताईला आधी वाटलं भाऊजींनी चेष्टा केली. वळून पाहिलं तर भाऊजींचं तोंड आनंदाने उघडंच राहिलं होतं. त्यांनीही ऐकलं होतं! आठ महिन्यांत नवरा-बायको सोडून तिसऱ्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. ते टाचा उंचावून गर्दीत बघायला लागले, आपल्याकडचं कोण आलंय म्हणून.

कोणीच नव्हतं.

खाली उतरलेली माणसं चौदा. सगळी समोर उभी. त्यात आपल्याकडची फक्त ही दोघं.

भाऊजींनी मोडक्यातोडक्या भाषेत काकांना सांगितलं, आत एक बाई अडकली आहे. काकांनी वाद घातला नाही. बूट चढवून ते पाण्यात उतरले आणि शेवटच्या भिंतीपर्यंत टॉर्च मारून आले. नुसतं पाणी. पलीकडे जायला वाट नाही, दार नाही.

वर आल्यावर दोघं तिकीट खिडकीतल्या बाईंकडे गेली. त्यांनी सगळं लिहून घेतलं, कॅमेऱ्यातलं चित्रणही दाखवलं. सकाळपासून जितके खाली गेले, तितकेच वर आले होते.

घरी येताना भाऊजी म्हणाले, प्रतिध्वनीच असणार. आपल्या कानांना मराठीची भूक लागली आहे.

ताईला ते पटलं नाही. लोकांना काय ऐकू येतं आणि काय ऐकू आल्यासारखं वाटतं, यातला फरक ओळखण्यावर तिची भाकरी होती.

पुढच्या शनिवारी तिने यादीतलं ठिकाण सोडलं. पुन्हा टाकी.

"कुठे आहात?"

सतरा सेकंद.

"इथेच."

या वेळी आवाज जवळून आला होता. भाऊजींनी ताईचा दंड धरला आणि फेरी संपायच्या आत तिला वर आणलं. त्यानंतर ते कधीच खाली उतरले नाहीत. रागावले नाहीत, भांडले नाहीत. इतकंच म्हणाले, "अगं, आपण इथे पाहुणे. कोणाकडे जाणार? आणि जाऊन सांगणार काय?"

 पण शनिवार आला की ताईचा जीव राहायचा नाही. भाऊजी तिच्याबरोबर यायचे आणि वरच्या बाकावर बसून राहायचे.

आठवड्याला एक फेरी. फेरीला एक वाक्य. ताई सहा दिवस विचार करायची, काय विचारायचं. नाव कळलं तर शोध घेता येईल. घरच्यांना कळवता येईल.

तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, "तुमचं नाव काय?"

आवाज विरला. आणखी बराच वेळ गेला. बाकीचे चुळबुळ करायला लागले. आणि मग खालून, अगदी जाळीच्या खालून...

"तुम्हाला नाही माहीत?"

ताई सांगते, त्यात भिववणं नव्हतं. तो प्रश्न खराच होता. दवाखान्यात म्हातारी माणसं विचारतात ना, मी इथे कशाला आले होते, तसा.

घरी येऊन ती खूप रडली. त्या आठवड्यात तिने वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळली. टॉर्चकाकांना विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं याच टाकीवर काढली, इथे कधी कोणी बुडालं नाही, कोणी हरवलं नाही. तुमच्या देशाचं तर कोणी येतच नव्हतं.

चौथ्या शनिवारी ती म्हणाली, "कोणाला निरोप द्यायचा आहे का?"

या वेळी सतरा सेकंदही लागले नाहीत.

"आमचे हे वर थांबलेत ना?"



वर बाकावर भाऊजी थांबले होते.

ती बहात्तर पायऱ्या कशी चढली, तिलाच ठाऊक नाही. भाऊजी दिसल्यावर तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. पण रात्री जेवताना तिला भीतीपेक्षा वाईट काहीतरी वाटायला लागलं. त्या बाईचे 'हे' कोण? किती वर्षांपूर्वी वर थांबले होते? थांबले तरी होते का?

तिला काहीच करता येत नव्हतं. हो म्हणायचं की नाही, हेसुद्धा ठरवता येत नव्हतं.

त्यानंतर दोन शनिवार ताई गेलीच नाही. धीरच झाला नाही.

यंत्रं चालू झाली. भाऊजींचं काम दीड महिना आधीच आटपलं. परतीच्या आदल्या दिवशी ताई शेवटची खाली उतरली.

"आम्ही उद्या निघतोय, मला माफ करा."

सतरा सेकंद.

काही नाही.

ती वाट बघत राहिली. लोक वर गेले. काका टॉर्च धरून शेजारी उभे. तरी काही नाही.

पायऱ्यांपाशी काकांनी खिशातून एक वही काढली. म्हणाले, गेले काही दिवस सकाळी मी टाकी उघडतो तेव्हा आत हे ऐकू येतं. रोज. तुमची भाषा असावी असं वाटलं, म्हणून लिहून ठेवलंय. याचा अर्थ काय?

आणि अडखळत त्यांनी वाचून दाखवलं.

"त्या... आल्या... का?"

 ताईने अर्थ सांगितला, ती माझीच चौकशी करतेय. काका म्हणाले, मग मी काय उत्तर देऊ? मला तर तुमची भाषा येत नाही.

ताईने त्यांना एकच शब्द शिकवला. "येतील." पाच-सहा वेळा घोटून घेतला. आपण खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. पण खरं सांगायला, ती म्हणते, तिची जीभच वळली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं विमानात बसली.

टॉर्चकाका महिन्यातून एखादा मेसेज पाठवायचे. अजून विचारते. मी अजून सांगतो. इतकंच. ताई हात जोडल्याचं चित्र पाठवायची. असं दीड वर्ष चाललं.

मागच्या महिन्यात त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

ताईने मला दवाखान्यात बोलावून घेतलं. कान तपासायची तिची काचेची खोली आहे, बाहेर ढोल वाजले तरी आत ऐकू येत नाहीत. तिथे बसवून तिने माझ्या कानांना हेडफोन लावले. मी एकटी. ती काचेपलीकडे.

आधी पाण्याचे थेंब.

मग म्हाताऱ्या माणसाचा आवाज. शब्द वाकडातिकडा, पण कळत होता. "येतिल."

थेंब... थेंब...

आणि मग एक बाई. थकलेली. शांत. घरातली मोठी बाई बोलेल तशी.

"नाही यायच्या त्या. तुम्ही जा घरी. दार तेवढं लावून घ्या."

मी हेडफोन काढले. काचेपलीकडे ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला मला काहीच विचारावं लागलं नाही.

रेकॉर्डिंगच्या खाली काकांनी लिहिलं होतं, की बाई आता प्रश्न विचारत नाही, हे एवढं बोलते आणि गप्प होते. ती काय म्हणते? मी माझा शब्द म्हणत राहू की थांबू?

मेसेज ताईने वाचलाय हे त्यांना तिकडे दिसत असणार. तीन आठवडे झाले. तिने उत्तर लिहिलेलं नाही. भाऊजींना विचारलं, ते उठून बाहेर गेले.

काल ताईने मला विचारलं, काय लिहू.