निहारच्या डोळ्यातला चंद्र

आधी एक कोडं घालतो. अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या झोतात एका बाळाची एक बाहुली (डोळ्याच्या मधलं काळं भोक) लालसर चमकते आणि दुसरी दुधासारखी पांढरी. बिघाड कुठल्या डोळ्यात?

लाल म्हणालात ना? मीही तेच म्हणालो असतो. आणि मी काही साधासुधा माणूस नाही. चंद्रावर एकतीस वर्षं पाण्याच्या नळ्या दुरुस्त करतोय. एकदा धूमकेतूच्या शेपटीतून बादलीभर बर्फ खरवडून त्याचा चहा केलाय. बादली जरा लहान होती, एवढं कबूल.

आमच्या वसाहतीत ज्योत पेटवायला बंदी आहे. प्राणवायू मोजूनमापून मिळतो, तिथे निरांजन कुठलं लावता? म्हणून आम्ही औक्षण खाणीतल्या कपाळदिव्याने करतो. ओवाळणाऱ्याने कपाळाला दिव्याचा पट्टा बांधायचा, खोलीत अंधार करायचा आणि बाळासमोर मान गोल गोल फिरवायची. पृथ्वीवरचे पाहुणे पोट धरून हसतात. हसू देत.

शेजारच्या कुसुमला मुलगा झाला, निहार. त्याला रोज अंघोळीनंतर ओवाळायचं काम त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीकडे, मिथिलाकडे. एक दिवस ती माझ्याकडे धावत आली.

"आबा, निहारच्या डाव्या डोळ्यात पांढरं काहीतरी चमकतं!"

मी गळकी नळी सांधून नुकताच आडवा झालो होतो. अंगात त्राण नव्हतं, पण थाप मारायला त्राण लागतं कुठे? म्हणालो, "अगं, चंद्रावर जन्मलेल्या एखाद्या बाळाच्या डोळ्यात चंद्राचा कण उतरतो. नशीबवान पोरगं! पण कुणाला सांगू नकोस हं, नाहीतर उडून जाईल." आणि कूस बदलून झोपलो.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. चेहरा एवढासा झालेला.

"आबा, आता आईला सांगू? गुपित धरून धरून माझं पोट दुखतंय."

"कसलं गुपित?"

मी विसरूनसुद्धा गेलो होतो बघा. तिने आठवण करून दिली तेव्हा माझी झोप उडाली. कपाळदिवा बांधून मी तिच्या घरी गेलो. दिवा मंद केला, निहारसमोर मान फिरवली. उजवी बाहुली लालसर. डावी पांढरी.

निहार जन्मल्यापासून चोवीस दिवस कुसुम नीट झोपली नव्हती. भिंतीला टेकून तिने सगळं ऐकलं. "आठ दिवस, आबा?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर मुजावर म्हणजे चारशे माणसांमागे एकटी डॉक्टर. तिच्याही डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने निहारला तपासलं, यंत्रहाताने डोळ्याच्या आतलं चित्र काढलं आणि खुर्चीत टेकली.

"मिथिला, तुमच्या घरासमोरच्या बोगद्याच्या टोकाला लाल दार आहे ना? अलीकडून बॅटरी मारलीस तर काय दिसतं?"

"लाल दार."

"डोळाही तसाच बोगदा. त्याच्या टोकाला दृष्टिपटल (आतल्या भिंतीवरचा, चित्र टिपणारा पडदा) असतं. त्यामागे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. आत गेलेला उजेड तिथून लालसर होऊन आल्या वाटेने परततो. दिवा तुझ्या कपाळावर, डोळ्यांच्या अगदी जवळ, म्हणून तो परतलेला उजेड तुला दिसतो. आता बोगद्यात मध्येच दुधी काच उभी केली तर?"

मिथिलाने क्षणभर विचार केला. "उजेड काचेवरूनच परत येईल. पांढरा! म्हणजे लाल डोळा चांगला?"

"शाबास. निहारचं डावं नेत्रभिंग (बाहुलीमागची पारदर्शक चकती) जन्मतःच दुधी आहे. मोतीबिंदू. पांढरं दिसण्याची कारणं वेगळीही असतात. काही साधी, काही फार वाईट. बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून दिसलं की लगेच दाखवायचं."

"मोतीबिंदू तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना होतो," मी म्हणालो. "तो मोठा झाल्यावर काढू की."

"नाही आबा. बघायला मेंदू शिकतो, या पहिल्या महिन्यांतच. एका डोळ्याकडून काहीच येत नसेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणंच सोडतो. मग भिंग कितीही स्वच्छ करा, उपयोग थोडाच. बाळ सहा आठवड्यांचं व्हायच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी."

कुसुमने बोटांवर हिशेब केला. "अजून अठरा दिवस आहेत."

"आहेत. आणखी दोन-तीनदा असे आठ-आठ दिवस दवडले असते, तर नसते."

मी नळ्यांचा माणूस. गळती कुठे होती, मला लगेच कळलं. मिथिलासमोर उकिडवा बसलो. "चंद्राचा कण वगैरे काही नसतं, पोरी. मी दमलो होतो, म्हणून थाप मारली. चुकलो."

"मला वाटलं, मी बोलले म्हणून निहारचं नशीब उडून जाईल," ती म्हणाली आणि मग रडली.

पाचव्या दिवशी पृथ्वीवरच्या नेत्रशल्यकांच्या सल्ल्याने डॉक्टर मुजावरने शस्त्रक्रिया केली. दुधी भिंग निघालं. आता निहारच्या त्या डोळ्यावर रोज इवलंसं बाहेरचं भिंग (कॉन्टॅक्ट लेन्स) बसवावं लागतं, आणि चांगल्या डोळ्यावर काही वेळ पट्टी, म्हणजे मेंदू आळशी डोळ्याकडूनही धडा घेतो. हे वर्षानुवर्षं चालायचं. पोरगं पट्टी ओढतं, किंचाळतं. मी त्याचे हात धरून बसतो तेव्हा कुसुम तासभर झोपते.

त्याचं रडं थांबावं म्हणून मी धूमकेतूची गोष्ट सुरू करतो. लगेच मागून आवाज येतो, "आबा, हे खरं की तुमचं?"

"माझं," मी सांगतो.

आता वसाहतीत बाळ जन्मलं की औक्षणाला मिथिलालाच बोलावतात. ती कपाळाला पट्टा बांधते, मान फिरवते, सगळे श्वास रोखून उभे राहतात. आणि ती मोठ्याने सांगते, "दोन्ही लाल!"

काल उजव्या डोळ्यावर पट्टी असताना निहारच्या डाव्या बाहुलीने तिच्या फिरत्या दिव्यामागे चक्कर मारली. पूर्ण, गोल. हे खरं आहे. मिथिलाला विचारा.