हयात साक्षीदार

फिलोमिना डाबरेने मनगटावरची विश्वासपट्टी काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली.

"ही बिघडलीय, बाई. सोनटक्के मास्तरांचं दार सकाळपासून उघडत नाहीये. ते आत अंथरुणाला खिळलेले. आतून हाक दिली तर उघडतं, पण दाराला ऐकू जाईल एवढाही आवाज निघत नाही त्यांचा."

एकट्या, मरणपंथाला लागलेल्या माणसांची घरोघरी शुश्रूषा करण्यात फिलोमिनाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. समोर बसलेल्या डॉ. मृण्मयी टिपणीस विश्वासपट्ट्यांच्या यंत्रणेच्या रचनाकार. दार उघडण्याची विनंती त्यांनी लगेच पाठवली. मंजुरीला थोडा वेळ लागणार होता. मग त्यांनी पट्टी तपासली.

"पट्टी ठीक आहे. असं बघा, शहरातली दारं, बस, दवाखाने माणसाला नावावरून ओळखत नाहीत. त्याच्या सहवासात राहिलेल्यांच्या पट्ट्या त्याची साक्ष देतात. निदान दोन साक्षीदार लागतात."

"मग माझे शेकडो असतील! किती जणांच्या उशाशी बसलेय मी."

"होते. पण साक्षीदार हयात लागतो." मृण्मयींचा आवाज उतरला. "सुरुवातीला चोर मेलेल्यांच्या पट्ट्या घालून घरांत शिरायचे. म्हणून नाडी थांबली की साक्ष रद्द, असा नियम केला आम्ही. काल तुमच्या माणसांपैकी कोणी…?"

"काल कुलसुमआपा गेल्या."

मृण्मयींनी पडद्यावरचा साक्षीदारांचा आकडा बघितला. "म्हणजे आता एकच उरलाय."

कोण, ते फिलोमिनाने विचारलं नाही.

"घरी कोणी आहे तुमच्या?"

"घरी मी झोपायला जाते फक्त."

मरणाऱ्यांच्याच सहवासात आयुष्य काढणारं माणूस नियम करताना कुणाच्या हिशेबात आलंच नव्हतं.

"मास्तरांना पाणी चमच्याने द्यावं लागतं," फिलोमिना म्हणाली. "एरवी ठसका लागतो. अजून किती वेळ, बाई?"

तेवढ्यात पडद्यावरच्या एकाचं शून्य झालं.

"जोडणी तुटली वाटतं. थांबा, पुन्हा बघते—"

फिलोमिनाने त्यांचा हात धरला.

"नका बघू. मास्तर गेले."

फिलोमिनाने कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली. मग ती उठली.

"आता तरी दार उघडून द्या. त्यांना अंघोळ घालायचीय. गार पाण्याने घालू नकोस, असं बजावलं होतं त्यांनी."